डिकीचे लिटर आणि आईची व्हीलचेअर

महोदय,

रविवारच्या पुरवणीतली छोट्या सेडान गाड्यांची तुलना मी दोनदा वाचली. स्क्रीन किती इंचांची, शंभरचा वेग किती सेकंदांत, सगळं होतं. मला हवं होतं ते मात्र सापडलं नाही. आईला आठवड्यातून तीनदा डायलिसिसला न्यावं लागतं, सोबत घडीची व्हीलचेअर असते. त्यासाठी दोन महिने मी गाड्या बघते आहे.

डिकीचंच घ्या. कागदावर डिझायर ३८२ लिटर, ऑरा ४०२, अमेझ ४१६, टिगोर ४१९. हा आकडा काढतात तो एकेक लिटरचे छोटे ठोकळे आत रचून. ठोकळा कुठल्याही कोपऱ्यात मावतो. खुर्चीला आधी डिकीच्या तोंडातून आत शिरावं लागतं. एका शोरूममध्ये मी खुर्चीच घेऊन गेले. चाकं गेली, पण हँडल मागच्या काचेखालच्या पत्र्याला अडलं. तिरकी केली तेव्हा कशीबशी गेली, तर झाकण लावताना बिजागरीचा वाकडा दांडा खाली येऊन तिच्यावर टेकला. दुसऱ्या एका गाडीचे लिटर कागदावर कमी होते, तिथे ती पहिल्याच फटक्यात आडवी बसली. सीएनजीची मोठी टाकी डिकीत असेल तर विषयच संपला. टिगोरच्या सीएनजीत दोन लहान टाक्या तळाशी असतात, म्हणून वर थोडी जागा उरते.

मग मागची सीट. एका गाडीत आई बसली आणि म्हणाली, "बसले गं, पण आता उठवणार कोण?" सीट इतकी खाली की तिचे गुडघे कमरेच्या वर आले होते. सेडानचं छप्पर मागे उतरतं, त्यामुळे उतरताना मानही वाकवावी लागते. उंच हॅचबॅकमध्ये हा त्रास कमी, हे खरं. पण तिच्यात खुर्ची ठेवायला बहुतेकदा मागची सीट पाडावी लागते, मग आई बसणार कुठे?

ऑटोमॅटिक म्हटलं की सगळ्या सारख्या, असंही नाही. डिझायर, ऑरा आणि टिगोरमध्ये एएमटी मिळतं. त्यात क्लच दाबायचं काम यंत्र करतं, पण गर्दीत गिअर बदलताना हिसका जाणवतो. अमेझच्या सीव्हीटीत पट्टा आणि पुल्या, ठरावीक टप्पे नाहीत, त्यामुळे गाडी सलग सरकते. चार तास सुया लावून पडून राहिलेल्या माणसाला परतताना हा फरक नेमका कळतो.

२०२४मध्ये डिझायरला ग्लोबल एनकॅपच्या अपघात-चाचणीत प्रौढांच्या सुरक्षेसाठी पाच तारे मिळाले, ते तुम्ही ठळक छापलंत, बरं केलंत. पुढच्या वेळी डिकीच्या तोंडाची रुंदी-उंची, मागच्या सीटची जमिनीपासूनची उंची आणि मागचं दार किती उघडतं, एवढं टेपने मोजून छापा. मी मोजलेले आकडे वहीत लिहून ठेवले आहेत. हवे असतील तर पाठवते.

– एक नियमित वाचक