बंदराच्या फाइलवर सही करण्याआधी : मंत्री महोदयांना खुलं पत्र

मा. मंत्री महोदय,
सप्रेम नमस्कार.

किनाऱ्यावरच्या शहरांचा कारभार तुमच्याकडे आहे, म्हणजे बंदरं, सांडपाणी, किनाऱ्याची धूप, मच्छीमारांचे प्रश्न हे सगळं फिरून फिरून शेवटी तुमच्याच टेबलावर येतं, म्हणून थेट तुम्हालाच लिहितोय. मागणी आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढचं वाचायला वेळ मिळाला नाही तरी चालेल. एका किनाऱ्यावरची शहरं एकत्र बसतील अशी कायमची व्यवस्था करा, तिला स्वतःचं बजेट द्या, आणि कुठल्याही शहराच्या समुद्रातल्या मोठ्या कामाला मंजुरी देण्याआधी त्याचा फटका ज्या शेजाऱ्याला बसणार आहे त्याचं म्हणणं लेखी मागवा.

आता कारणं. सुरुवात वाळूपासून करतो, कारण वाळूचं गणित समजलं की बाकीचं आपोआप समजतं. लाटा किनाऱ्यावर बहुतेक वेळा तिरक्या येतात आणि पाणी परत जाताना उताराने सरळ खाली जातं, त्यामुळे प्रत्येक लाट थोडी थोडी वाळू बाजूला सरकवत नेते आणि वर्षभराचा हिशेब केला तर काही किनाऱ्यांवर ही चाल लाखो घनमीटरच्या घरात जाते. त्यात एखाद्या शहराने बंदरासाठी ब्रेकवॉटर, म्हणजे लाटा अडवणारी समुद्रातली भिंत, टाकलं की ती वाळू तिथेच अडते. एका अंगाला पुळण, म्हणजे किनाऱ्यावरचा वाळूचा पट्टा, रुंद होत जाते आणि दुसऱ्या अंगाला, म्हणजे जिथे ती वाळू पोचायची होती तिथे, समुद्र दरवर्षी जमीन खात आत येतो.

पश्चिम आफ्रिकेत हे डोळ्यांसमोर घडलंय. गिनीच्या आखातात वाळू पश्चिमेकडून पूर्वेकडे सरकते. घानामध्ये व्होल्टा नदीवर १९६५ साली अकोसोम्बो धरण पूर्ण झालं आणि नदीतून समुद्रात येणारा गाळ धरणात अडकला, मग त्याच दशकात टोगोची राजधानी लोमे इथे खोल पाण्याचं बंदर झालं आणि किनाऱ्याने येणारी वाळू त्याच्या पश्चिमेला साठायला लागली. पूर्वेला चाळीस-पंचेचाळीस किलोमीटरवर अनेहो नावाचं जुनं गाव आहे. त्या पट्ट्यातली घरं, माडाच्या बागा, रस्ते समुद्रात गेले. धरण एका देशात, बंदर दुसऱ्या देशात, आणि धूप तिथून पुढे सरकत तिसऱ्या देशाच्या, बेनिनच्या, हद्दीपर्यंत. बेनिनमधल्या कोटोनूलाही बंदर झाल्यावर पूर्वेकडचा किनारा असाच खचला. आता कुठे, २०१८ पासून, जागतिक बँकेच्या मदतीने पश्चिम आफ्रिकेतले देश या किनाऱ्याचा एकत्र विचार करतायत, टोगो आणि बेनिनने मिळून हद्दीच्या दोन्ही बाजूंना वाळू भरायचं काम हाती घेतलं. पण मधल्या पन्नास वर्षांत जे गेलं ते गेलंच ना.

आणि पुळण गेली म्हणजे नुसता देखावा गेला असं नाही हो. होडी ओढून ठेवायला जागा राहत नाही, जाळी पसरायला जागा राहत नाही, मासळी वाळत घालणाऱ्या बायकांचा रोजगार त्याच वाळूवर उभा असतो तो जातो, आणि हे नुकसान बंदराच्या प्रकल्प अहवालात कुठल्याच रकान्यात येत नाही कारण अहवाल बंदराच्या शहराचा असतो आणि नुकसान शेजारच्या गावाचं. मला विचाराल तर सगळ्यात मोठा अन्याय इथे आहे. त्या गावाला कुणी मुद्दाम त्रास दिलेला नसतो, त्याला फक्त कुणी विचारलेलं नसतं.

एकत्र बसून काय होऊ शकतं याचं मला सगळ्यात पटलेलं उदाहरण जपानच्या सेतो अंतर्देशीय समुद्राचं आहे. चारी बाजूंनी कारखाने आणि मोठी शहरं, मध्ये बंदिस्त समुद्र, सगळं सांडपाणी त्यात. १९७२ च्या उन्हाळ्यात हारिमा नावाच्या भागात पाणी शेवाळाने लाल झालं आणि पिंजऱ्यात पाळलेले जवळजवळ १ कोटी ४० लाख मासे मेले. पण त्याच्या आदल्याच वर्षी, १९७१ मध्ये, त्या समुद्राभोवतीच्या प्रांतांच्या गव्हर्नरांनी आणि मोठ्या शहरांच्या महापौरांनी आपली एक परिषद स्थापन केली होती. मग १९७३ मध्ये या समुद्रासाठी खास कायदा आला आणि कारखान्यांतून येणारा प्रदूषणाचा भार १९७२ च्या निम्म्यावर आणायचं ठरलं. १९७६ मध्ये वर्षाला ३०० च्या आसपास लाल पाण्याच्या घटना नोंदल्या जायच्या, पुढे त्या तिसऱ्या हिश्श्याच्या जवळ आल्या.

इथपर्यंतची गोष्ट बरेच जण सांगतात, मला मात्र त्याच्या पुढचा भाग जास्त महत्त्वाचा वाटतो. काही वर्षांनी उलटीच तक्रार सुरू झाली, की पाणी इतकं स्वच्छ झालंय की त्यात पोषक द्रव्यंच कमी पडतायत, नोरी म्हणजे खायचं समुद्री शेवाळ फिकट पडतंय. तेव्हा २०२१ मध्ये कायदा बदलून, प्रांतांना आपापल्या भागात पोषक द्रव्यांचं प्रमाण सांभाळायची मुभा दिली. म्हणजे एकदा नियम केला आणि सुटलो असं समुद्राच्या बाबतीत होत नाही, वर्षानुवर्षं मोजत राहावं लागतं, आणि सगळ्या किनाऱ्याचा डेटा एकत्र असेल तरच नियम कधी बदलायचा ते कळतं. प्रत्येक महापालिका आपापलं पाणी आपापल्या पद्धतीने तपासत असेल तर त्या आकड्यांची तुलनाच करता येत नाही, यासाठी प्लीज सगळीकडे एकच पद्धत ठरवून द्या.

पैशांचा प्रश्न तुम्ही विचारणारच. उत्तर युरोपातल्या बाल्टिक समुद्राभोवती नऊ देश आहेत, तो समुद्र उथळ, बाहेर जायचा रस्ता अरुंद, पाणी बदलायला काही दशकं लागतात. तिथल्या शहरांनी १९९१ मध्ये पोलंडच्या ग्दान्स्क शहरात आपली संघटना स्थापन केली. हा समुद्र प्रदूषणापासून वाचवायचा देशांचा करार त्याआधीच, १९७४ मध्ये हेलसिंकीला झाला होता, आणि तेव्हा त्या समुद्रावरचे देश शीतयुद्धात एकमेकांच्या विरुद्ध गटांत होते हे लक्षात घ्या. याच समुद्रावरच्या, रशियातल्या सेंट पीटर्सबर्गचं बरंच मैलापाणी अनेक वर्षं प्रक्रियेशिवाय समुद्रात जायचं. तिथे २००५ मध्ये मोठा प्रक्रिया प्रकल्प सुरू झाला त्यात फिनलंड, स्वीडन यांचाही पैसा होता. दुसऱ्याच्या शहराच्या गटाराला आपला पैसा का द्यायचा? कारण आपल्याकडे आधीच स्वच्छ केलेलं पाणी अजून थोडं स्वच्छ करण्यापेक्षा तिथला कच्चा मैला अडवणं कितीतरी स्वस्त, आणि समुद्र एकच. हा हिशेब करायला शेजाऱ्याचे आकडे विश्वासाने आपल्याकडे यायला हवेत, आणि विश्वास हा दर महिन्याला भेटणाऱ्या माणसांमध्ये तयार होतो, वर्षातून एकदा फोटोसाठी भेटणाऱ्यांमध्ये नाही.

बंदरांच्या स्पर्धेचंही तेच आहे. एका बंदराने जहाजाचा कचरा उतरवायला वेगळी फी लावली तर जहाज तो कचरा वाटेत समुद्रात टाकायचा धोका राहतो, किंवा ते शेजारच्या बंदरात जातं. बाल्टिकच्या बंदरांमध्ये यावर साधा उपाय आहे, कचऱ्याचा खर्च सरसकट बंदर शुल्कातच धरायचा, जहाजाने कचरा उतरवला काय आणि नाही उतरवला काय. मग समुद्रात टाकून पैसे वाचतच नाहीत. पण हे सगळ्या बंदरांनी एकत्र केलं तरच चालतं, एकट्याने करणाऱ्याचं गिऱ्हाईक पळतं, म्हणून हे तुमच्या पातळीवरूनच व्हायला हवं.

आणि जिवाचा प्रश्न तर आहेच. २६ डिसेंबर २००४ ला सुमात्राजवळ भूकंप झाला, श्रीलंकेच्या आणि भारताच्या पूर्व किनाऱ्यावर त्सुनामीची लाट पोचायला साधारण दोन तास लागले. दोन तास! पण हिंदी महासागरात इशारा देणारी यंत्रणा नव्हती, कुणी कुणाला कळवायचं हे ठरलेलंच नव्हतं. सगळ्या देशांत मिळून सव्वादोन लाखांच्या वर माणसं गेली. आता यंत्रणा आहे, पण राजधानीत आलेला इशारा शेवटच्या वाडीपर्यंत पोचवायचं काम शहरांचं आणि गावांचंच असतं, त्यासाठी शेजारच्या शहराच्या कंट्रोल रूममधल्या माणसाचा नंबर आपल्याकडे असायला हवा आणि तो माणूस आपल्याला ओळखत असायला हवा.

तर महोदय, नवीन महामंडळ, नवीन इमारत, नवीन बोधचिन्ह यातलं काही नकोय. एक छोटं कायमचं कार्यालय, पाणी आणि वाळू मोजणारी चार-पाच जाणकार माणसं, सगळ्या शहरांनी लोकसंख्येच्या प्रमाणात भरायची वर्गणी आणि जेवढी वर्गणी तेवढीच भर सरकारची, आणि सगळे आकडे लोकांसाठी खुले. सध्या तुमच्या टेबलावर ज्या बंदरांच्या, बंधाऱ्यांच्या, भरावाच्या फाइल्स असतील त्यांच्यापासूनच सुरुवात करा, प्रत्येक फाइलला एक पान जोडायला सांगा की वाळू कुठल्या दिशेला सरकते आणि त्या दिशेला कोण राहतं.

पहिल्या मीटिंगला महापौर, आयुक्त, बंदराचे अधिकारी येतीलच. मच्छीमारांच्या आणि मासळी विकणाऱ्या, वाळवणाऱ्या बायकांच्या खुर्च्या मात्र आधी धरून ठेवा, आणि तारीख मासेमारीच्या भर हंगामातली ठेवू नका, नाहीतर ती माणसं समुद्रावर असतील आणि त्या खुर्च्या रिकाम्या राहतील.

आपला,
किनाऱ्याची काळजी वाटणारा एक नागरिक