आधी ती दोरी बदल

चि. छोटीस अनेक आशीर्वाद.

माझे जुने रॉकेट उडवू का, असे तू परवा फोनवर विचारलेस आणि मी तुला तोडून 'नाही' म्हणालो, ते माझे चुकलेच. रॉकेट मी तुला देऊन टाकले आहे. ते भिंतीवर टांगून ठेवायचे, की नेवाडातल्या ब्लॅक रॉकच्या वाळवंटात नेऊन 'जे' वर्गाच्या मोटरवर लेव्हल टूसाठी, म्हणजे मोठी रॉकेटे उडवण्याच्या प्रमाणपत्राच्या दुसऱ्या पायरीसाठी, उडवायचे, हे आता तूच ठरवायचेस. नळीला पॅराशूटशी जोडणारी आतली रबरी दोरी मात्र बदल, एवढे सांगण्यासाठीच हे पत्र लिहीत आहे.

ती दोरी १९९९ सालची आहे, म्हणजे तुझ्याहून दोन वर्षांनी मोठी. 'ही तर परकराची नाडी!' असे म्हणून तुझी आई तेव्हा पोटभर हसली होती. पॅराशूट बाहेर फेकणाऱ्या दारूची धग त्या दोरीने प्रत्येक उड्डाणात सोसली आहे आणि रबर जुने झाले की ताणही सोसत नाही, म्हणून नायलॉनची पट्टी लाव, रॉकेटच्या लांबीच्या निदान तिप्पट.

माझे लेव्हल वनचे उड्डाण एच १२८ मोटरवर झाले होते. मोटरच्या एकूण आवेगाची एच वर्गाची कमाल मर्यादा ३२० न्यूटन-सेकंद आणि जे वर्गाची १२८०. अक्षरे दोनच पुढे सरकतात, पण मर्यादा चौपट होते. पात्यांचे जोड नखाने दाबून पाहा. तिकडच्या कोरड्या हवेत कागदी नळी आकसते, तेव्हा रॉकेटचे नाक तिच्यात घट्ट बसते की सैल, हे तिथे पोहोचल्यावर पुन्हा तपास. बटण दाबूनही मोटर पेटली नाही, तर साठ सेकंद कोणीही जवळ जायचे नाही. लेखी परीक्षा उत्तम गुणांनी पास झालेल्या मुलीला मी हे शिकवत बसलो आहे, रागावू नकोस.

नळीच्या वरच्या काठावरून बोट फिरवलेस, तर दीड इंचाचा एक वण हाताला लागेल. तू सहा वर्षांची होतीस. पॅराशूट उशिरा, भर वेगात उघडले आणि दोरीने नळी चिरली; तुमच्या भाषेत झिपर. कापणी झालेल्या सोयाबीनच्या शेतातून, जवळजवळ तुझ्याच उंचीचे ते रॉकेट कवेत धरून तू आलीस आणि 'बाबा, याला लागलंय' असे म्हणालीस. रात्री स्वयंपाकघरातल्या टेबलावर मी गोंद भरला आणि तो वाळेपर्यंत तू दोन्ही कडा चिमटीत धरून बसलीस. आईने तुला पोळीचे घास भरवले. तिथे तुझ्या अंगठ्याचा ठसा उमटला आहे. पुढे मी दोनदा रॉकेट रंगवले, पण तेवढी जागा सोडून.

त्यामुळे माझ्या 'नाही'मागे सगळे शास्त्रच होते असे नाही. उंची मोजणाऱ्या अल्टिमीटरची जोडणी तू एकटीने केलीस हे मी शेजारच्या काकांना दोनदा सांगितले. ते आता मला टाळतात. पण वाळवंटाची जमीन आपल्या शेतासारखी मऊ नसते आणि दोरी तुटली तर नळी पॅराशूटशिवाय खाली येईल. पुन्हा तेच लिहिले, नाही का?

नवी पट्टी मीच आणली असून सोबत पाठवत आहे. गाठ तू मार. जुनी दोरी मात्र फेकू नकोस, ती मला परत पाठव.

तुझे,
बाबा