काकूंना विचारून कळव

शमे,

तब्येत बरी, गुडघा आहे तसाच. फोनवर तू मला बोलू देत नाहीस, म्हणून लिहितेय.

बाल कल्याण समितीने मला पॉक्सोच्या (मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराचा कायदा) एका केसमध्ये सपोर्ट पर्सन, म्हणजे पोरीच्या सोबतीला आधार म्हणून नेमलंय. पोरीचं नावगाव तुलाही सांगणार नाही. एक तर कायदा आहे, शिवाय तुझ्या पोटात काही राहत नाही हे अख्ख्या होस्टेलला ठाऊक होतं.

पोरीचं बरं चाललंय. जबाब घरीच झाला, पीएसआय बाई साध्या कपड्यांत आल्या. तपासायला डॉक्टरही बाईच होत्या. मॅजिस्ट्रेटपुढचा कलम १८३चा जबाबही (आपल्या वेळचं कलम १६४) झाला. सगळं कायद्यात लिहिलंय तसं, म्हणजे नवलच! आता मी चित्र नीट रंगवत नाही म्हणून ती मला ओरडते.

घोर आहे तो आईचा. आरोपी तिचा सख्खा दीर, आणि घर सासूचं. तपासाच्या खेपांत खाडे पडले, धुण्याभांड्याची कामं सुटली. सासू रोज म्हणते, 'पोरीचंच नाव खराब होईल, मिटवून टाका.' नवरा भिंतीकडे बघतो. तिला वेगळी खोली घ्यायचीय, पण डिपॉझिट कुठून आणणार? खाणं, कपडे, प्रवास यांसाठी तातडीची मदत द्या अशी शिफारस समिती करू शकते, आणि शिफारस पोचल्यावर आठवड्यात पैसे मिळायला हवेत. ते आले नाहीत. मनोधैर्यचा, म्हणजे सरकारी भरपाईच्या योजनेचा, अर्ज विधी सेवा प्राधिकरणात पडलाय. मी नुसती विचारत फिरते. शिपाई आता मला बघून खुर्ची पुढे करतो, एवढीच प्रगती.

परवा ती म्हणाली, "मॅडम, मी जबाब फिरवला तर पोरीला शिक्षा होते का?" मला घामच फुटला. मी तिला दटावू शकत नाही, तो सासूसारखाच दबाव झाला. पोरीला खटला समजावून सांगणं माझं काम. आईने रात्री त्या घरात झोपायचं कसं, हे बघणं कुणाच्याच कामात लिहिलेलं नाही.

तुझ्या आईने त्या मे महिन्यात काय केलं, ते आपण दोघींनीच पाहिलं. मी काकूंची बाजू घेतली म्हणून तू सबंध टर्म माझ्याशी बोलली नाहीस, वर माझा स्टोव्हही दिला नाहीस. मी अजून त्यांचीच बाजू घेते, काय भांडायचं ते भांड. पण त्यांना विचारशील? तेव्हा नेमकं काय हाताशी असतं तर त्या मागे हटल्या नसत्या? पैसे, खोली, की सोबतीला कुणी? मी विचारलं तर त्या चहा टाकायला उठतील.

चिन्मयची दहावी कशी गेली? तुझ्या यांची बदली थांबली का? बाकी भेटल्यावर. उत्तर मात्र लवकर पाठव, पुढच्या आठवड्यात मला तिच्याकडे जायचंय.

तुझी,
नलू