उपचार संपले तरी मॅमोग्राफी चालूच हवी

संपादक महोदय,

ऑक्टोबरात गुलाबी फिती, पदयात्रा आणि मोफत शिबिरांच्या बातम्या भरभरून येतात. 'कर्करोगावर मात' अशा मथळ्याखाली स्तनाच्या कर्करोगातून बऱ्या झालेल्या महिलांचे सत्कारही छापले जातात. पण त्या महिलेने पुढच्या वर्षी कोणती तपासणी करायची, हे क्वचितच छापले जाते.

फक्त गाठ काढून स्तन राखला असेल, तर रेडिएशन संपल्यावर किमान सहा महिने थांबून पहिली मॅमोग्राफी, म्हणजे स्तनाचा एक्स-रे, करतात आणि मग दरवर्षी. घाई केली तर सुजेमुळे चित्र धूसर येते आणि दाब सहन होत नाही. पूर्ण स्तन काढला असेल तर त्या बाजूची मॅमोग्राफी सहसा लागत नाही, दुसऱ्या बाजूची मात्र दरवर्षी लागते. 'ती बाजू चांगली आहे' म्हणून नेमकी तीच राहून जाते. तिथे नवा, वेगळा कर्करोग होण्याचा धोका या महिलांना इतरांपेक्षा जास्त असतो. उलट, काही लक्षण नसताना दरवर्षी पेट स्कॅन (शरीरभर कर्करोग शोधणारे चित्रण) आणि सीए १५-३ ही रक्ततपासणी करा, असे मान्यताप्राप्त मार्गदर्शक तत्त्वे सांगत नाहीत. तरी पैसे जातात ते तिथेच.

तपासणीच्या दिवशी काखेत पावडर किंवा डिओडरंट नको. त्यातले अॅल्युमिनियम चित्रात, कर्करोगाची खूण असू शकणाऱ्या कॅल्शियमच्या ठिपक्यांसारखे दिसू शकते आणि विनाकारण पुन्हा बोलावणे येते. पाळी अजून येत असेल तर ती संपल्यानंतरचा आठवडा बरा, दुखते कमी. शस्त्रक्रिया कधी, कोणत्या बाजूला झाली, इम्प्लांट आहे का, हे तंत्रज्ञाला आधी सांगावे. प्रत्येक स्तनाची दोन चित्रे घेतात, एक वरून आणि एक तिरके. तिरक्या चित्रात छातीचा स्नायू नीट उतरलेला नसेल, तर काखेजवळचा भाग सुटला असे समजावे. दाब काही सेकंदांचाच असतो. त्याने पेशीजाल पसरून स्पष्ट दिसते, किरणेही कमी लागतात. दोन्ही बाजूंची मिळून मात्रा साधारण ०.४ मिलिसिव्हर्ट, म्हणजे निसर्गातून सुमारे सात आठवड्यांत मिळते तेवढी.

जुन्या सीडी आणि फिल्म न्यायला विसरू नये. शस्त्रक्रियेचा व्रण, मृत चरबीची गाठ, रेडिएशननंतरचे कॅल्शियम हे सगळे संशयास्पद दिसू शकते. मागच्या वर्षीचे चित्र शेजारी ठेवले की काय तसेच आहे आणि काय नवे, ते कळते. नुसत्या 'नॉर्मल' लिहिलेल्या चिठ्ठीवरून हे होत नाही.

रिपोर्टच्या शेवटी बायरॅड्सचा आकडा असतो, म्हणजे कर्करोगाचा संशय किती आणि पुढे काय करायचे हे सांगणारी श्रेणी. त्यातले ० वाचून 'काही निघाले नाही' असे समजणाऱ्या बायका आणि त्यांचे घरचे लोक बरेच आहेत. ० म्हणजे तपासणी अपुरी. आणखी चित्रे किंवा सोनोग्राफी हवी, किंवा जुन्या फिल्म मागवायला हव्यात. ३ ला बहुधा सहा महिन्यांनी पुन्हा. ४ आणि ५ ला जाड सुईची बायोप्सी. सुई टोचल्याने रोग पसरतो ही भीती निराधार आहे, पण तिच्यापायी महिने वाया जातात. आणि गाठ हाताला लागत असेल, तर मॅमोग्राफी स्वच्छ आली तरी प्रकरण तिथे मिटवू नये. घट्ट स्तनांत गाठ लपते, तिथे सोनोग्राफी लागते.

आईला ४५ व्या वर्षी हा आजार झाला असेल, तर मुलीची तपासणी ३५ पासून सुरू करतात. घरात कोणाला नसलेल्यांनीही चाळिशीनंतर डॉक्टरांशी बोलून वेळापत्रक ठरवावे. जिथे यंत्रच नाही तिथे प्रशिक्षित हातांनाही मोल आहे. टाटा मेमोरियलने १९९८ पासून मुंबईच्या वस्त्यांत आरोग्यसेविकांकडून दर दोन वर्षांनी हाताने तपासणी करवली. पन्नाशीपुढच्या महिलांत या आजाराचे मृत्यू जवळपास ३० टक्क्यांनी घटले. शिबिरांत मिरवणारी थर्मल कॅमेऱ्याची तपासणी मात्र मॅमोग्राफीची जागा घेऊ शकत नाही, हे अमेरिकेच्या एफडीए या औषध व वैद्यकीय उपकरण नियामक संस्थेनेही बजावले आहे.

शिबिर भरवणाऱ्या संस्थांनी मांडव घालण्याआधी दोन गोष्टी ठरवाव्यात: चित्रांची सीडी प्रत्येकीच्या हातात पडेल का, आणि ०, ४ व ५ आलेल्यांची सोनोग्राफी, बायोप्सी कुठे आणि कोणाच्या खर्चाने होणार. हे ठरत नसेल तर यंत्राची गाडी बोलावू नये.

– एक क्ष-किरणतज्ज्ञ, पुणे