मुलुंडपर्यंत सोबत केलेल्या तुम्हा दोघींना

मंगळवारी संध्याकाळी दादरहून स्लो लोकल पकडली. कडेवर ९ महिन्यांचा मुलगा, हाताशी ४ वर्षांची मुलगी. तीन रात्री धड झोप नव्हती. शीव गेलं आणि बाळाने भडाभडा उलटी केली, माझ्या अंगावर, त्याच्या अंगावर आणि शेजारी बसलेल्या ताईंच्या साडीवरही. ते पाहून लेक घाबरून रडायला लागली. माझेही डोळे भरून आले.

ताई, तुम्ही साडीकडे पाहिलंसुद्धा नाहीत. “द्या त्याला इकडे,” म्हणालात, पाण्याच्या बाटलीने रुमाल भिजवून त्याचं तोंड पुसलंत, मानेच्या वळ्यासुद्धा. मग त्याला स्वतःच्या ओढणीत गुंडाळलं ते समोर मटार सोलत बसलेल्या दुसऱ्या ताईंनी. त्यांनी लेकीच्या ओंजळीत शेंगा दिल्या, “मला मदत करतेस?” म्हणून विचारलं. विक्रोळी येईपर्यंत ती दाणे मोजत होती. रडणं कुठल्या कुठे गेलं होतं.

मुलुंडला गर्दीतून वाट करत एकीने बॅग उतरवली, दुसरीने लेकीचा हात माझ्या हातात दिला. ओढणी परत द्यायला वळले तर गाडी सुटलेली.

नावं विचारायची राहिली. ओढणी धुऊन, घडी करून ठेवली आहे. निळी, पांढऱ्या बुट्ट्यांची. त्या रात्री बाळ तिच्यातच झोपलं, सलग पाच तास. आणि मीही. मनापासून आभार.