गुन्हा नोंदवायला कुणाची परवानगी हवी, मंत्रिमहोदय?

मा. वैद्यकीय शिक्षण मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

स.न.वि.वि.

मी एका सरकारी वैद्यकीय महाविद्यालयात मेडिसिनची दुसऱ्या वर्षाची निवासी डॉक्टर आहे. परवा रात्री एका मृत रुग्णाच्या नातेवाइकांनी मला सलाइनच्या स्टँडने मारलं. भुवईवरचे टाके माझ्याच बॅचमेटने घातले. एफआयआर अजून नाही. ‘कॉलेजचं नाव खराब होईल’, असं वरून सांगण्यात आलं. माझ्या डोळ्यापेक्षा कॉलेजचं नाव मोठं?

२०१० चा राज्याचा कायदा असा हल्ला अजामीनपात्र मानतो, ३ वर्षांपर्यंत कैद सांगतो. ऑगस्ट २०२४ मध्ये कोलकात्याच्या आर. जी. कर रुग्णालयात निवासी डॉक्टरवर झालेल्या बलात्कार आणि हत्येच्या भयंकर घटनेनंतर केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने बजावलं की ६ तासांच्या आत संस्थाप्रमुखांनीच एफआयआर दाखल करावा. मग अडलंय कुठे?

मार्च २०१७ मध्ये धुळ्याच्या सरकारी रुग्णालयात जमावाने डॉक्टरला मारलं, त्याच्या डोळ्याला गंभीर इजा झाली. राज्यभरातले हजारो निवासी डॉक्टर सामूहिक रजेवर गेले, तेव्हा सरकारने ११०० सुरक्षारक्षक कबूल केले. परवा आमच्या मजल्यावर एकही नव्हता.

त्या रात्री व्हेंटिलेटर रिकामा नव्हता. रुग्णाचा मुलगा बापासाठी स्वतः अंबू बॅग, म्हणजे हाताने श्वास द्यायची पिशवी, दाबत होता. कशी दाबायची ते मीच त्याला दाखवलं होतं. मध्येच त्याच्या भावाला इंजेक्शनसाठी बाहेरच्या मेडिकलमध्ये पाठवावं लागलं, कारण आमच्या औषधालयात ते संपलं होतं. तासाभराने बाप गेला, आणि मारणाऱ्यांत तो मुलगाही होता. त्याला मी माफ केलेलं नाही. पण व्हेंटिलेटर नाही, औषध नाही, हे त्याला सांगायला तुमच्या खात्याने माझ्याशिवाय कुणाला उभं केलं होतं? खरेदी रखडवणारे मंत्रालयात सुरक्षित बसतात आणि मार आम्ही खातो.

केंद्राच्या १९९२ च्या निवासी डॉक्टरांसाठीच्या योजनेत सलग ड्युटी सहसा १२ तासांपेक्षा जास्त नसावी असं लिहिलंय. मला मार बसला तेव्हा माझा तिसावा तास चालू होता. आईला फोनवर ‘पाय घसरला’ म्हणून सांगितलं. गावात तिने पेढे वाटले होते हो, मुलगी सरकारी कॉलेजात लागली म्हणून.

तुम्ही लोक नव्या इमारतींच्या फिती कापायला येता. एकदा रात्री दोनला, न कळवता, कॅज्युअल्टीत या. स्टूल देऊ, खुर्च्या नाहीत.

सोमवारी माझी पुन्हा इमर्जन्सी आहे. त्याआधी संस्थेतर्फे गुन्हा नोंदवून घ्या आणि एफआयआरचा क्रमांक मला कळवा.

आपली,
एक निवासी डॉक्टर