एक काना, एक मात्रा

प्रिय आई आणि बाबा,

सलाम.

बाबा, गेल्या रविवारी उपासनेहून घरी आल्यावर तुम्ही फोन केलात. पाळकसाहेबांनी उपदेशात एआयचा विषय काढला होता, त्याबद्दल सांगता सांगता तुम्ही मध्येच विचारलंत, "आणि तुझं देवाशी कसं चाललंय?" मी म्हटलं, "आवाज तुटतोय, रात्री बोलू." आवाज तुटत नव्हता. उत्तर तोंडावर येईना म्हणून मी फोन ठेवला आणि रात्रीही केला नाही. चार दिवस ते मनात घोळतंय. फोनवर मला जमणार नाही, म्हणून लिहिते. मोतीबिंदूचं ऑपरेशन व्हायचंय, तोवर डोळ्यांना ताण नको म्हणून 18 पॉइंटात छापलंय. चुका दिसल्या की तुम्ही लाल पेन काढाल, हे मला ठाऊक आहे. काढा.

सुरुवात छापखान्यापासून करते, कारण माझं कॉम्प्युटरचं वेड आणि माझा विश्वास, दोन्हीची मुळं तिथे आहेत.

शनिवारी शाळा सुटली की आई माझ्याकडे तुमचा डबा द्यायची. तुम्ही अक्षरांच्या खणांच्या केससमोर उभे, डाव्या हातात ओळ जुळवायची स्टिक, आणि उजवा हात न बघता शिशाच्या अक्षरांचे खिळे उचलतोय. जुळवलेली ओळ आरशात दिसावी तशी उलटी असायची आणि तुम्ही ती सरळ असल्यासारखी वाचायचा. एकदा एक अगदी बारीक खिळा तुम्ही माझ्या तळहातावर ठेवलात. 'दऱ्या'तला तो विळीसारखा र. म्हणालात, "हा हाताशी नसेल तर आचार्यांना बोलावलं की आचाऱ्यांना, हे वाचणाऱ्याला कळायचं नाही." मग प्रभू येशूचं ते वचन सांगितलंत, की आकाश आणि पृथ्वी आहेत तोवर नियमशास्त्रातला एक काना किंवा एक मात्राही जायची नाही. मूळ ग्रीकमध्ये तिथे त्यांच्या लिपीतलं सगळ्यात लहान अक्षर आणि अक्षराची एक बारीक रेघ आहे, हे मला पुष्कळ वर्षांनी कळलं. ज्यानं मराठीत काना आणि मात्रा लिहिलं त्याला आपली भाषा आतून माहीत होती. "हे वचन आम्हा कंपोझिटरांचं," असं तुम्ही म्हणायचा. शिशानं काळ्या झालेल्या तुमच्या बोटांचा ठसा माझ्या तळहातावर उमटला होता, तो मी संध्याकाळपर्यंत धुतला नाही.

1998 साली छापखान्यात डीटीपी आलं, म्हणजे कॉम्प्युटरवरची जुळवणी. खिळे किलोच्या भावानं भंगारात गेले, तुम्हाला घरी बसवलं आणि तीन महिन्यांचा पगार राहिला तो राहिलाच. मी तेव्हा सातवीत होते. पुढच्याच उन्हाळ्यात तुम्ही मला कॉम्प्युटरच्या क्लासला घातलंत. फी 1,800 रुपये होती. ज्या यंत्रानं तुमच्या हातातलं काम काढून घेतलं, तेच यंत्र मला शिकता यावं म्हणून तुम्ही कुठून पैसे उभे केलेत ते आजवर मला सांगितलं नाहीत. पहिल्या दिवशी तुम्ही सोबत आला होतात. सरांनी पडद्यावर मोठा 'अ' काढून दाखवला. तुम्ही चष्मा वर करून पुढे वाकलात आणि म्हणालात, "खिळा गेला, पण अक्षर तेच आहे की!" तुमच्या आवाजात राग नव्हता. मला आता इतक्या वर्षांनी त्याचं नवल वाटतं. त्या वयात ते मला साहजिक वाटलं होतं.

डोनाल्ड कनूथ नावाच्या माणसाबद्दल तुम्हाला केव्हापासून सांगायचं आहे. कॉम्प्युटरशास्त्रात त्यांचं नाव फार मोठं आहे. त्यांची पुस्तकं आधी शिशाच्या खिळ्यांवर छापलेली होती. 1977 मध्ये नव्या आवृत्तीची प्रूफं हातात आली तर ती नव्या फोटोच्या पद्धतीनं जुळवलेली, आणि अक्षरं त्यांना बघवेनात. म्हणून त्यांनी हातातलं पुस्तक बाजूला ठेवलं आणि सुंदर छपाई जुळवणारा प्रोग्रामच लिहायला घेतला. वर्षभरात होईल असं वाटलेलं काम जवळजवळ दहा वर्षं चाललं. आज जगभरातलं पुष्कळसं गणित त्या प्रोग्रामवर छापलं जातं. पुस्तकातली चूक दाखवणाऱ्याला ते 2 डॉलर 56 सेंटचा चेक पाठवायचे. 256 हा आकडा आम्हा कॉम्प्युटरवाल्यांचा लाडका आहे. असे लेखक तुम्हाला भेटले असते, तर प्रूफं बघूनच आपलं घर उभं राहिलं असतं.

हे कनूथ लुथेरन मंडळीतले. आपल्या चर्चमध्ये त्यांनी शास्त्राचा वर्ग घेतला तो असा: पवित्र शास्त्राच्या प्रत्येक पुस्तकातलं फक्त तिसऱ्या अध्यायाचं सोळावं वचन घ्यायचं आणि त्याचा खोलात जाऊन अभ्यास करायचा. योहान 3:16 आपल्याला झोपेतही येतं, पण बाकीच्या पुस्तकांत त्या जागी काय आहे? तिसरा अध्याय आखूड असला तर पुढच्या अध्यायात मोजत जायचं, अशी 59 पुस्तकं निघाली. आम्ही ज्याला सॅम्पलिंग म्हणतो ते हेच, म्हणजे शितावरून भाताची परीक्षा. पुढे त्याचं पुस्तक काढताना त्यांनी एकेक वचन जगभरातल्या सुलेखनकारांकडून लिहून घेतलं. हा माणूस आपली गणिती पद्धत देवळाच्या दाराबाहेर चपलांबरोबर काढून ठेवत नाही आणि कॉम्प्युटरपुढे बसताना आपला विश्वासही बाजूला ठेवत नाही. हे वाचलं तेव्हा मला किती धीर आला, काय सांगू!

धीर यायची गरज होती, कारण 2008 ते 2012 या वर्षांत मी देवळात पाऊल टाकलं नव्हतं. तुम्हाला मी 'इथलं चर्च लांब आहे' असं सांगत होते. चर्च माझ्या खोलीपासून दहा मिनिटांवर होतं. मला कुणी नास्तिक केलं नव्हतं, कुठलं पुस्तक वाचून मी बदलले नव्हते. मला फक्त अशा जगाची गोडी लागली होती, जिथे प्रत्येक बिघाडाला कारण असतं आणि ते शोधलं की सापडतं. प्रार्थनेत असं काही सापडत नव्हतं. आई, तुझ्या गुडघ्यासाठी मी रोज मागत होते आणि तुझा गुडघा तसाच दुखत होता. मग मी मागणं सोडलं.

परत कशी आले, तर पाळकसाहेबांच्या एका पेनड्राइव्हमुळे. 2012 च्या नाताळात मी घरी आले होते, आठवतं? मंडळीच्या गीतांची टाइप केलेली जुनी फाइल कुठेच उघडत नव्हती. ती जुन्या फाँटमध्ये होती. त्या काळी फाँटवाल्यांनी इंग्रजी अक्षरांच्या जागी मराठी आकार बसवले होते, त्यामुळे फाँट गेला की मागे नुसता इंग्रजी अक्षरांचा कचरा उरायचा. युनिकोड या जगभर चालणाऱ्या पद्धतीत मात्र प्रत्येक अक्षराला त्याचा स्वतःचा क्रमांक आहे, आणि 1991 च्या पहिल्या आवृत्तीपासून देवनागरी त्यात आहे. मी म्हटलं, दोन रात्रींचं काम आहे. लागल्या अकरा.

जुन्या फाँटमध्ये पहिली वेलांटी अक्षराच्या आधी टाइप करायचे, कारण ती आधी दिसते. युनिकोडमध्ये ती नंतर येते, कारण उच्चारात ती नंतर आहे. रफाराचं नेमकं उलटं. साध्या अक्षरांना माझा प्रोग्राम चालला, जोडाक्षर आलं की वेलांटी मधल्याच अक्षरावर चढून बसायची. पहिल्या रात्री फाइल उघडली तर पानापानावर 'खि्रस्त' असं मोडलेलं. सगळ्या गीतांमध्ये ते नाव तुटलेलं होतं. ते मी एकेक करून हातानं दुरुस्त करू शकले असते, पण नियम सापडल्याशिवाय मला उठवेना. पहाटे तीनला नियम सापडला, बटण दाबलं, आणि सगळीकडे एकदम 'ख्रिस्त' उमटलं. मी बराच वेळ नुसती बघत बसले. चार वर्षांत ते नाव मी उच्चारलं नव्हतं.

तो प्रोग्राम मी पर्ल नावाच्या भाषेत लिहिला होता. ती करणारे लॅरी वॉल हेही ख्रिस्ती. भाषाशास्त्र शिकून त्यांना पवित्र शास्त्राच्या भाषांतराच्या कामाला जायचं होतं, पण प्रकृतीमुळे जाता आलं नाही. 1987 मध्ये त्यांनी ही भाषा काढली आणि नाव घेतलं ते मत्तयाच्या शुभवर्तमानातल्या मोलवान मोत्यावरून. त्या नावाची एक भाषा आधीच होती म्हणून इंग्रजी स्पेलिंगमधलं एक अक्षर त्यांनी गाळलं. बाबा, ही प्रूफातली चूक नव्हे, मुद्दाम गाळलेलं अक्षर आहे.

काम झाल्यावर नवी फाइल उलटी जुन्या फाँटमध्ये फिरवली तर ती मुळाशी जुळते का, हे मोजून बघायचं होतं. आमच्याकडे त्याला चेकसम म्हणतात. फाइलमधल्या सगळ्या अक्षरांचा हिशोब करून एक आकडा काढायचा. एक काना जरी इकडचा तिकडे झाला तरी आकडा बदलतो. त्यावरून मला मासोरेट आठवले. सातव्या ते दहाव्या शतकात तिबिर्याच्या आसपास जुन्या कराराच्या नकला करणारे हे यहूदी पंडित. ते शब्द मोजायचे, अक्षरं मोजायचे, पुस्तकाच्या शेवटी वचनांची संख्या लिहून ठेवायचे, पुस्तकाचा मध्य कुठे येतो त्याचीही खूण करायचे. 1947 मध्ये मृत समुद्राजवळच्या गुहांत जुन्या गुंडाळ्या सापडायला लागल्या. त्यांत यशयाची जी मोठी गुंडाळी निघाली, ती तोवर हाताशी असलेल्या मासोरेटांच्या प्रतींहून सुमारे हजार वर्षं जुनी. ताडून पाहिलं तर फरक आहेत, पण बरेचसे लेखनातले आणि किरकोळ शब्दांचे. मजकूर तोच. ही सगळी कंपोझिटरचीच नजर, बाबा! केडगावला तुम्ही मला मुक्ती मिशन दाखवायला नेलं होतं तेव्हाही मला हेच वाटलं होतं. पंडिता रमाबाईंनी हिब्रू आणि ग्रीक शिकून सगळं पवित्र शास्त्र मराठीत आणलं, एप्रिल 1922 मध्ये त्या गेल्या त्याच्या थोडंच आधी काम पुरं झालं, आणि 1924 मध्ये ते छापून निघालं. खिळे जुळवणाऱ्या तिथल्या बाया आणि मुली होत्या, ज्यांना जगानं टाकून दिलं होतं.

पण चेकसम जुळला तेव्हा मला हेही कळलं की तो एवढंच सांगतो: नक्कल बरोबर आहे. जे लिहिलंय ते खरं आहे की नाही, हे कुठलंही यंत्र मला सांगणार नव्हतं. खोट्या मजकुराचाही चेकसम जुळतो.

मग खरं आहे हे मला कशावरून कळलं, ते सांगते. छापखान्यातलं काम सुटल्यावर रोज रात्री जेवणाआधी तुम्ही प्रार्थना करायचा. आजारी माणसांची नावं, शेजारपाजारची नावं, आणि शेवटी मालकांचं नाव. ज्यांनी तीन महिन्यांचा पगार बुडवला त्यांचं. त्या नावाआधी तुम्ही थांबायचा. मी डोळे किलकिले करून बघायचे. तुमचा जबडा आवळलेला असायचा, आई तव्यावरची भाकरी उतरवून गॅस बारीक करायची, आणि मग तुम्ही त्यांचं नाव घ्यायचा, त्यांच्या मुलाबाळांसाठी आशीर्वाद मागायचा. कित्येक महिने रोज तेवढंच थांबणं. आणि मग एक दिवस तुम्ही न थांबता ते नाव घेतलंत. मी सातवी-आठवीतली पोर, पण ते मला कळलं. त्या नाताळात पहाटे तीनला पडद्यासमोर बसून मला तेच आठवत होतं.

पाळकसाहेबांच्या विषयाबद्दल थोडंच लिहिते. एआयला मीही एकदा प्रार्थना लिहायला सांगितली होती, आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन होतं त्या आदल्या रात्री. मराठी चांगलं होतं. अफाट मजकूर वाचून पुढे कोणता शब्द येण्याची शक्यता जास्त, हे ते यंत्र ठरवत जातं. त्यामुळे 'हे दयाळू पित्या' नंतर काय येतं ते त्याला बरोबर माहीत होतं. त्याचा मला राग नाही. रोज मी तेच काम करते आणि ते मला आवडतं. उपदेशासाठी संदर्भ शोधायला पाळकसाहेबांनी ते जरूर वापरावं. पण ती प्रार्थना मी वाचली आणि मला तिला आमेन म्हणता आलं नाही. तिच्यात कुठलंच नाव घ्यायला कुणी थांबलेलं नव्हतं. मग मी पडदा बंद केला आणि दवाखान्याच्या बाकावर बसून मोडकंतोडकं जे आलं ते बोलले. बहुतेक सगळं तुमचंच होतं, बाबा.

तर देवाशी माझं असं चाललंय. कधी दोन-दोन आठवडे काही बोलणं नसतं. अजूनही मला बिघाडाचं कारण लागतं आणि पुष्कळदा ते मिळत नाही. रविवारी मी इथल्या देवळात जाते, मागच्या बाकावर बसते. मराठी गीतं तिथे नाहीत, म्हणून घरी येऊन आपली फाइल उघडते.

त्या फाइलमधली बारा पानं सोबत पाठवली आहेत. बाबा, घाई करू नका, ऑपरेशन झाल्यावर बघा, आणि 'ऱ्य' सगळीकडे नीट उमटलाय का तेवढं आधी पाहा. आई, चौथ्या पानावरच्या गीतात दुसऱ्या कडव्याची तिसरी ओळ फाइलमध्ये एक आहे आणि लहानपणापासून मी तुझ्या तोंडून दुसरीच ऐकली आहे. तू 'आज' म्हणतेस, छापलंय 'आता'. मी अजून बदललेलं नाही. रविवारी फोन करते, तेव्हा गाऊन दाखव.

तुमची,
ताई

(मुद्दाम 'ताई' लिहिलं. घरात कुणी धाकटं नसताना तुम्ही दोघं मला अजून तेच म्हणता.)